कापणे म्हणजेच लावणे

शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा जिन्याखालच्या कोपऱ्यात एखादी छोटी मत्स्यपेटी असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कल्याण, डोंबिवली, ठाणे या पट्ट्यात तर रेल्वे स्टेशनच्या आसपास मासे, वाळू, पंप आणि हिरव्या वनस्पतींच्या जुड्या विकणारी दुकाने सहज सापडतात. माशांबद्दल विद्यार्थी पुष्कळ प्रश्न विचारतात. वनस्पतींबद्दल मात्र त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असतो. एका जुडीच्या दोन जुड्या कशा करायच्या?

या प्रश्नाला उत्तर देणारी दोन साधने शिक्षकांच्या हाताशी असतात. एक म्हणजे पाठ्यपुस्तकातील शाकीय प्रजननाचा परिच्छेद आणि दुसरे म्हणजे मत्स्यपेटीबरोबर मिळणारे माहितीपत्रक किंवा तशाच धाटणीची छोटी पुस्तिका. दोन्ही साधने आम्ही शिक्षकांच्या दृष्टीने वाचून पाहिली. पहिल्यात शास्त्र आहे, पण हाताला काम नाही. दुसऱ्यात हाताला काम आहे, पण शास्त्र नाही. आणि कापल्यानंतर उरलेल्या वनस्पतींचे काय करायचे, या तिसऱ्या प्रश्नाबाबत दोन्हींकडून काहीच मार्गदर्शन होत नाही. आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

प्रथम पाठ्यपुस्तकाकडे वळू. २०१८ मध्ये आलेल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात शाकीय प्रजननासाठी बटाट्याचा डोळा, पानफुटीच्या पानाच्या कडेवरील मुकुले आणि ऊस व गवत यांची पेरे ही उदाहरणे दिली आहेत. निवड उत्तम आहे. मराठी मुलाला ही चारही उदाहरणे घरातली किंवा शेतातली वाटतात. अडचण आहे ती मांडणीत. मूळ, खोड, पान अशी अवयवांची यादी पुढे येते आणि परीक्षेत यादीच विचारली जाते. त्यामुळे मुलाच्या मनावर ठसते ते असे, की काही वनस्पती खोडापासून वाढतात, काही पानापासून, काही मुळापासून. कोणती कशापासून हे पाठ करायचे. बटाट्याचा डोळा, पानफुटीच्या कडेवरचा टिपका आणि उसाच्या पेरावरचा डोळा या तिन्ही ठिकाणी काम करणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे मुकुल, अर्थात वाढू शकणाऱ्या पेशींचा लहानसा पुंजका. पुस्तकात हा शब्द येतो, पण त्याच्यावर बोट ठेवले जात नाही.

ऊस लावणारा शेतकरी हे सूत्र पुस्तकाशिवाय जाणतो. तो बेणे तोडताना डोळा राखून तोडतो. एक डोळ्याची टिपरी, दोन डोळ्यांची टिपरी अशीच त्याची भाषा असते. डोळा नसलेले कांडे कितीही रसरशीत असले तरी ते तो लावणार नाही. हराळी काढतानाही तो नुसती खुरपून थांबत नाही, तर काशा वेचून बांधावर टाकतो, कारण एकेका पेरापासून नवी हराळी उभी राहते हे त्याला ठाऊक असते. उसाच्या बेण्यातले आणि हराळीच्या काशांतले शास्त्र एकच आहे. हवी ती वनस्पती वाढवायची असेल तर पेर जपायचे आणि नको ती घालवायची असेल तर पेर उचलायचे. शाकीय प्रजननाचा धडा या एका वाक्याभोवती बांधता आला असता.

आता माहितीपत्रकांकडे येऊ. त्यांचा सर्वसाधारण सल्ला असा असतो: वनस्पती फार वाढली की कात्रीने कापावी आणि कापलेला भाग वाळूत खोचावा, त्याला मुळे फुटतात. या सल्ल्याने काही वनस्पती जगतात आणि काही कुजतात. का जगल्या आणि का कुजल्या हे न कळल्यामुळे दोष पाण्याला, दुकानदाराला किंवा नशिबाला दिला जातो. बाजारात सहज मिळणाऱ्या काही वनस्पतींवर हा सल्ला तपासून पाहू.

हायड्रिला ही आपल्याकडील तळ्यांत आपोआप उगवणारी आणि शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगासाठी वापरली जाणारी वनस्पती. तिच्या खोडाच्या प्रत्येक पेराभोवती पानांचे मंडल असते. एका मंडलात तीन ते आठ, बहुधा पाच पाने असतात आणि त्यांच्या कडा दातेरी असल्यामुळे बोटाला खरखर लागते. हिला कापा-खोचा हा सल्ला पूर्णपणे लागू पडतो. किंबहुना खोचण्याचीही गरज नसते. एकच मंडल असलेला तुकडा पाण्यावर तरंगत असतानासुद्धा पुष्कळदा फुटतो.

इजेरिया ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती हायड्रिलाची दूरची बहीण शोभते आणि अनेकदा तिच्याच नावाने ओळखली जाते. तिच्या मंडलात बहुधा चार पाने असतात आणि ती बोटाला मऊ लागतात. हिच्यात प्रत्येक पेराला फांदी फुटण्याची क्षमता नसते. साधारण आठ ते बारा पेरांनंतर एक जोडपेर येते आणि नवी फांदी व मुळे त्या जोडपेरापासून निघतात. म्हणजे इजेरियाचा शेंडा किंवा जोडपेर असलेला तुकडा वाढेल, पण दोन जोडपेरांच्या मधला तुकडा काही दिवस हिरवा राहून संपेल. दोन विद्यार्थ्यांनी एकाच जुडीतून कापलेल्या काड्यांपैकी एकाची जगते आणि दुसऱ्याची मरते, याचे कारण पुष्कळदा इतके साधे असते.

सेराटोफायलम ही काट्याकाट्यांसारख्या बारीक पानांची वनस्पती. तिला मुळे नसतातच. बीजातल्या गर्भाचे आदिमूळही वाढत नाही. ती अन्नद्रव्ये पाण्यातून शोषते. तिच्या बाबतीत ‘वाळूत खोचा, मुळे फुटतील’ हा सल्ला सपशेल चुकीचा आहे. खोचलेला भाग प्रकाशाअभावी कुजतो आणि वरचा भाग सुटून वर येतो. तो तसाच तरंगत ठेवला तर उत्तम वाढतो.

व्हॅलिस्नेरियाची पाने लांब फितीसारखी असतात. हिचे खोड इतके आखूड असते की पाने थेट मुळांतून निघाल्यासारखी दिसतात. पान कापून वाळूत खोचल्यास काहीही उगवत नाही, कारण पानावर मुकुल नाही. ही वनस्पती वाळूवरून आडवे धावते खोड सोडते आणि त्याच्या पेरावर नवे रोप तयार होते. नव्या रोपाला स्वतःची चार-पाच पाने आणि मुळे आली, की मधले धावते खोड कापावे. लावताना पाने जिथून निघतात तो गड्डा वाळूच्या वर राहील याची काळजी घ्यावी. गड्डा पुरला गेला तर रोप कुजते.

जावा फर्न आणि अनुबियास या वनस्पतींचे आडवे, जाड खोड आल्याच्या कुड्यासारखे असते. आल्याचे बेणे जसे डोळा बघून मोडतात तसेच हे खोड काही पाने राखून कापायचे असते. मात्र आले मातीत पुरतात, तसे यांना पुरायचे नाही. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचे. जावा फर्नच्या जुन्या पानांवर मुळांसकट बारीक रोपे येतात. पानफुटी ज्यांनी वर्गात दाखवली आहे, त्या शिक्षकांनी तिच्या शेजारी जावा फर्नचे असे एक पान ठेवून पाहावे. एक सपुष्प वनस्पती आणि एक नेचा, दोघींनी एकच युक्ती साधली आहे.

क्रिप्टोकोरीनचा उल्लेखही केला पाहिजे, कारण तिच्या काही जाती आपल्या कोकणातील ओढ्यांच्या काठी निसर्गतःच वाढतात. ही वनस्पती जागा बदलली की बरीचशी पाने गाळते. माहितीपत्रक वाचून लावणारा मनुष्य ती मेली असे समजून उपटून फेकतो. वास्तविक वाळूतले आडवे खोड जिवंत असते आणि काही आठवड्यांत नवी पाने येतात. मुकुल कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे तो थांबतो. पान म्हणजेच वनस्पती असे मानणारा थांबत नाही.

या उदाहरणांवरून दिसेल की कापा-खोचा हा नियम नाही, तो एका नियमाचा अर्धवट भाग आहे. मूळ नियम असा: ज्या तुकड्यात जिवंत मुकुल आहे आणि मुकुल फुटेपर्यंत पुरेल एवढा अन्नसाठा किंवा हिरवा भाग आहे, त्या तुकड्याचे रोप होऊ शकते. शेंडा खुडला की खालून फुटवे का येतात, हेही त्याच नियमाला जोडता येते. शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होऊन खाली उतरते आणि त्याच्या प्रभावामुळे खालची मुकुले निद्रिस्त राहतात. थिमन आणि स्कूग यांनी १९३०च्या दशकात हे प्रयोगाने दाखवले. शेंडा गेला की हा अटकाव सुटतो. त्यानंतरच्या संशोधनाने या चित्रात इतर संप्रेरकांची आणि शर्करेच्या पुरवठ्याची भर घातली आहे; तथापि शाळेच्या पातळीवर मूळ कल्पना तीच राहते. तुळशीचा शेंडा खुडणाऱ्या आजीला परिणाम ठाऊक असतो. कारण सांगणे हे विज्ञानाच्या तासाचे काम आहे.

माहितीपत्रकांत आणखी एक उणीव आहे. ती कापण्याविषयी बोलतात, पण पेटीच्या आकाराविषयी बोलत नाहीत. घरात किंवा शाळेत असणारी पेटी बहुधा अठरा इंच लांब, दहा इंच रुंद आणि बारा इंच उंच असते. तिचे घनफळ सुमारे ३५ लिटर भरते. दोन इंच वाळू आणि वर दीड इंच मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी उरते सुमारे २५ लिटर. कल्याणच्या उन्हाळ्यात खोलीतले पाणी ३० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जाते. या तापमानाला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. म्हणजे संपूर्ण पेटीत दोनशे मिलिग्रॅमही नाही. एवढ्या भांडवलावर मासे, वनस्पती आणि वाळूतील जिवाणू या सर्वांना रात्र काढायची असते. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात. ‘जितक्या वनस्पती जास्त तितका प्राणवायू जास्त’ हे विधान फक्त उजेडापुरते खरे आहे. यान इंगेनहाउस यांनी पाण्यात बुडवलेल्या पानांवर हे १७७९ मध्येच दाखवून दिले होते.

अशा पेटीत एका रविवारी सगळ्या वनस्पती उपटून, कापून पुन्हा लावल्या तर काय होते? वाळू ढवळली गेल्याने साठलेला गाळ वर येतो. जखमी पाने कुजू लागतात आणि कुजवणारे जिवाणू प्राणवायू वापरतात. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया शोषून घेणारी पाने कमी झालेली असतात. दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ होते, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. यासाठी एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक वनस्पतींना हात लावू नये, काम सकाळी करावे, कापताना सुटलेली पाने त्याच दिवशी बाहेर काढावीत आणि थोडे पाणी बदलावे. माहितीपत्रकात या चार ओळी घातल्या तर अनेक मासे वाचतील.

मत्स्यपेटीच्या इतिहासाची सुरुवात नेमक्या याच अडचणीपासून झाली आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे एका पेटीचा वृत्तान्त मांडला. त्यांनी सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया एकत्र ठेवले होते. सुरुवातीस सर्व ठीक चालले. पुढे जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी कुजका भाग खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि पेटी सावरली. वनस्पती आणि मासे एवढ्यांनीच संतुलन होत नाही, कुजणाऱ्या पदार्थाची व्यवस्था लावणारा तिसरा घटकही लागतो, हा या प्रयोगाचा खरा धडा. आजही संतुलित मत्स्यपेटीचे चित्र काढताना हा तिसरा घटक बहुधा विसरला जातो.

शिक्षकांना वर्गात करून घेता येईल असा एक साधा प्रयोग येथे सुचवतो. त्यासाठी पेटीचीही गरज नाही. स्वच्छ धुतलेल्या तीन बरण्या पुरतात. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून वापरावे. हायड्रिलाच्या निरोगी काड्या घ्याव्यात. पहिल्या बरणीत शेंड्यासह पाच पेरे असलेले दहा तुकडे, दुसरीत शेंडा नसलेले आणि एकच पेर असलेले दहा तुकडे, तिसरीत दोन पेरांमधल्या नुसत्या कांड्याचे दहा तुकडे टाकावेत. काडीच्या खालच्या भागात कांडी लांब असतात, म्हणून तिसऱ्या बरणीसाठी तो भाग सोयीचा पडतो. बरण्या खिडकीजवळ, पण थेट कडक ऊन लागणार नाही अशा जागी ठेवाव्यात. दर तीन दिवसांनी किती तुकड्यांना फुटवा आला, किती हिरवे राहिले आणि किती गळून गेले, हे मोजून तक्ता करावा. निष्कर्ष काय निघेल ते मुलांना आधी सांगू नये. त्यांनी अंदाज लिहून ठेवावा आणि तीन आठवड्यांनी तो तक्त्याशी ताडून पाहावा. एका तुकड्यावरून अनुमान काढू नये, दहा का घेतले, ही चर्चा याच प्रयोगातून सहज निघते.

शाळेत हायड्रिला येते, नरसाळ्याखाली बुडबुडे सोडते आणि तास संपला की मोरीत जाते. तिच काडी पुढचे तीन आठवडे शाकीय प्रजननाचा धडा शिकवू शकते. मात्र प्रयोग संपल्यावर तिने मोरीत जाऊ नये. याचे कारण आता पाहू.

कापलेल्या वनस्पती जास्त झाल्या की दोन मार्ग सुचवले जातात: मित्राला द्याव्यात किंवा जवळच्या तळ्यात सोडाव्यात. दुसरा मार्ग भूतदयेचा वाटतो. जिवंत रोप कचऱ्यात टाकण्यापेक्षा काळ्या तलावात किंवा मासुंदा तलावात सोडले तर त्याला जीवदान मिळाले, अशी भावना त्यामागे असते. भावना चांगली आहे, पण तिचा परिणाम वाईट होतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच हायड्रिलाचे आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस मत्स्यपेटीच्या व्यापारासाठी ती अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात नेण्यात आली. नको झालेला माल कालव्यात टाकला गेला आणि १९६० पर्यंत ती तेथील नैसर्गिक पाणवठ्यांत आढळू लागली. पुढे तिने तळीच्या तळी, कालवे आणि नौकामार्ग भरून टाकले. आज अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ती घातक तण ठरवलेली आहे. यातील विशेष गोष्ट अशी, की फ्लॉरिडातील हायड्रिला केवळ मादी आहे. तिथे नर नाही, म्हणून बी नाही. एवढा सारा विस्तार तुकड्यांनी आणि खोडावर व जमिनीत तयार होणाऱ्या कंदसदृश मुकुलांनी झाला आहे. होडीच्या पंख्याने तुटलेली प्रत्येक काडी ही एक लागवड होती.

याच हायड्रिलाने पाठ्यपुस्तकातील आणखी एका विधानाला दुरुस्ती सुचवली आहे. शाकीय प्रजननाने होणारी रोपे जनुकीयदृष्ट्या तंतोतंत एकसारखी असतात, असे आपण शिकवतो. फ्लॉरिडात फ्लुरिडोन हे तणनाशक वर्षानुवर्षे वापरल्यानंतर त्याला दाद न देणारी हायड्रिला दिसू लागली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे कारण एका जनुकातील उत्परिवर्तनात सापडले. हे उत्परिवर्तन बीजातून आलेले नव्हते, ते वाढणाऱ्या शरीरपेशींत घडले होते आणि तुकड्यांमधून पसरले. तेव्हा ‘तंतोतंत’ऐवजी ‘जवळजवळ’ हा शब्द शिकवणे अधिक बरोबर होईल.

आपल्या देशातही उदाहरणांची वाण नाही. २०२० मध्ये केरळातील कोझिकोड जिल्ह्यात आवळा पांडी येथील कालवा गुलाबी फुलांनी भरून गेला आणि ते दृश्य पाहण्यास गर्दी लोटली. फुले होती दक्षिण अमेरिकेतील काबोम्बा या मत्स्यपेटीतील वनस्पतीची. बघ्यांपैकी अनेकांनी फांद्या तोडून घरी नेल्या. कापणे म्हणजेच लावणे, हे सूत्र त्यांना कोणी सांगितले असते तर त्या फांद्या हातात घेताना त्यांनी विचार केला असता.

आणि कल्याणच्या वाचकांना केरळपर्यंत जाण्याचीही गरज नाही. उल्हास नदीच्या पात्रावर मोहने परिसरात उन्हाळ्याच्या सुमारास जलपर्णीचा जाड हिरवा थर साचल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत वरचेवर येत आली आहेत. याच नदीचे पाणी कल्याण-डोंबिवलीसह आसपासच्या शहरांना पिण्यासाठी पुरवले जाते. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली ती सुंदर जांभळ्या फुलांसाठी. १९३६ पर्यंत बंगाल सरकारला तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तिला बी येते, पण तिचा झपाटा आहे तो धावत्या खोडाने होणाऱ्या पिलांमुळे, म्हणजे व्हॅलिस्नेरियाच्याच पद्धतीने. समजा एका रोपाची दहा दिवसांत दोन रोपे होतात. शंभर दिवसांनी एकाची १,०२४ होतील. मुलांनी हा हिशेब स्वतः करावा आणि मग नदीतील थराकडे पाहावे.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात प्रजननाच्या पहिल्या धड्यात ‘बंगालचे संकट’ अशा अर्थाच्या नावाने जलपर्णीची ओळख करून दिलेली होती. २०२२ मधील अभ्यासक्रमकपातीत तो संपूर्ण धडा वगळला गेला. वर्गात शिकलेली संकल्पना आणि गावच्या नदीचे दुखणे यांना जोडणारा एक दुवा त्यामुळे तुटला. पाठ्यक्रमाचा भार कमी करणे आवश्यक असेल, पण भार कशाचा होता आणि दुवा कोणता होता, हे पाहूनच कात्री चालवायला हवी होती.

जलपर्णीविषयीच्या सार्वजनिक चर्चेतही हेच सूत्र निसटते. थर दिसला की तो कापून काढण्याची मागणी होते. कापणे आवश्यक आहेच. परंतु पानांच्या तळाशी असलेल्या आखूड खोडावर मुकुले असतात. ते खोड तुटून पाण्यात राहिले, किंवा काढलेला ढीग काठावरच टाकला आणि पावसात पुन्हा वाहून गेला, तर ती मोहीम काही अंशी लागवडीचीच ठरते. शिवाय वरच्या बाजूच्या वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांतून नदीत येत राहते, तोपर्यंत नत्र आणि स्फुरद यांचे खत अखंड मिळत राहते. मुकुल आणि खत दोन्ही शिल्लक असताना केवळ पाने कमी करणे म्हणजे नदीची छाटणी करणे होय. बागेत छाटणी कशासाठी करतात हे सर्वांना माहीत आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. एका शाळेच्या पेटीतील मूठभर वनस्पतींनी नदीचे काय बिघडणार? हायड्रिला तर इथलीच आहे. आक्षेपात तथ्य आहे. उल्हासच्या जलपर्णीचे मुख्य कारण सांडपाणी आहे, शाळेची मत्स्यपेटी नव्हे, आणि तसे सूचित करणे अन्यायाचे होईल. इथलीच हायड्रिला इथल्या तळ्यात गेली तर फ्लॉरिडासारखे होणारही नाही. पण पेटीतील जुडीत हायड्रिला आहे की इजेरिया, हे पाहणारे किती जण आहेत? तिच्याबरोबर साल्विनियाचे एखादे पान, गोगलगायीची अंडी किंवा माशांचा रोग जातो की नाही, हे कोण तपासते? साल्विनियाची जी जात केरळात पसरली ती पूर्णतः वंध्य आहे. तिचा सारा पसारा तुकड्यांचा आहे. मुठीएवढ्या मालात एक मुकुल पुरते. शिवाय शाळेत लागलेली सवय पुढे टिकते, हे शिक्षकांना सांगायला नको.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी शाकीय प्रजननाच्या परिच्छेदात अवयवांची यादी मागे ठेवून मुकुल आणि पेर पुढे आणावेत आणि त्याच पानावर जलपर्णीला जागा द्यावी. माहितीपत्रके छापणाऱ्यांनी प्रत्येक वनस्पतीसाठी कुठे कापावे आणि काय पुरू नये हे चित्राने दाखवावे व शेवटी एक ओळ ठळक छापावी: उरलेल्या वनस्पती तळ्यात, नदीत, नाल्यात किंवा मोरीत टाकू नयेत. शिक्षकांनी उरलेल्या वनस्पती कागदावर पसरून गच्चीवर उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवाव्यात आणि मग शाळेच्या कुंड्यांतील खतात मिसळाव्यात. कल्याणच्या उन्हात याला दोन-तीन दिवसांहून अधिक वेळ लागत नाही. पेटीतले पाणी बदलताना ते झाडांना घालावे, म्हणजे त्यातले बारीक तुकडेही गटारात जाणार नाहीत.

या कामाला खर्च नाही आणि वेगळा तासही लागत नाही. वाळवण्याचे काम मुलांकडेच द्यावे आणि ते का करायचे हे त्यांनाच एकमेकांना समजावून सांगू द्यावे. ज्या मुलाने बरणीत एका पेराचे रोप होताना पाहिले आहे, त्याला उल्हासच्या पुलावरून जाताना खालचा हिरवा थर निराळा दिसेल. तो थर कसा वाढला आणि तो कमी करण्यासाठी नेमके काय उचलले पाहिजे, हे त्याला सांगता येईल.